धरणाच्या निवृत्तीची तरतूद

चंद्रपूरहून मोहर्लीला जाताना इरई धरणाचा जलाशय लागतो. ताडोब्याच्या पर्यटकाला तो जंगलाचाच भाग वाटतो. पण इरईचे हे पाणी अडवले ते मुख्यतः महाऔष्णिक वीज केंद्रासाठी, आणि चंद्रपूर शहराची तहानही त्यावरच भागते. या केंद्रातले 210 मेगावॉटचे पहिले दोन संच आयुष्य संपल्यामुळे बंद झाले. धरण मात्र त्याच पिढीतले असूनही त्याच्या निवृत्तीचा विचार कुठे होताना दिसत नाही.

इरई धरण आज पाडावे, असे कोणी म्हणणार नाही. पण कधी ना कधी प्रत्येक धरण थकते. दरवाजे गंजतात. मातीच्या भिंतीतून पाझर वाढला की पाण्याबरोबर बारीक माती वाहून जाते आणि भिंत आतून पोकळ होते. जलाशयात गाळ साचून साठवण घटते. खाली नदीला हा गाळ मिळत नाही, म्हणून सोडलेले स्वच्छ पाणी पात्रच खरवडू लागते. पावसाळ्यात अंडी घालायला वर निघालेले चढणीचे मासे भिंतीपाशी अडतात, आणि त्याची झळ नदीवर जगणाऱ्या ढिवर समाजाला बसते.

संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या 2021 च्या अहवालानुसार 2025 पर्यंत भारतातली हजारावर मोठी धरणे पन्नाशी गाठणार होती. देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत. केंद्र सरकारने 2020 मध्ये 736 धरणांसाठी 10,211 कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला, तो दुरुस्ती आणि सुरक्षेसाठी. तो आवश्यकच आहे. 2019 मध्ये रत्नागिरीतले तिवरे धरण फुटून गेलेले जीव विसरता येत नाहीत. पण जिथे दुरुस्तीपेक्षा काढून टाकणेच शहाणपणाचे, तिथे पैसा कुठून आणायचा?

अमेरिकेने याची उत्तरे शोधली. एल्वा नदीवरच्या दोन धरणांसाठी 1992 मध्ये कायदा झाला. 2011 ते 2014 या काळात ती सरकारी खर्चाने टप्प्याटप्प्याने उतरवली गेली, साचलेला गाळ एकदम खाली येऊ नये म्हणून. त्या गाळाने नदीच्या मुखाशी नवा किनारा घडवला आणि सामन मासे वरच्या पात्रात परतले. क्लामथ नदीवरची चार धरणे काढण्यासाठी सुमारे 45 कोटी डॉलरची तरतूद झाली. त्यातले 20 कोटी वीजग्राहकांच्या बिलांतून आले, उरलेले कॅलिफोर्नियाच्या पाणी रोख्यांतून. 2024 मध्ये काम संपल्यावर काही आठवड्यांतच, शतकाहून अधिक काळाने, सामन ओरेगॉनपर्यंत पोचले.

आपल्या नद्यांत सामन नाहीत आणि आपली गरजही वेगळी आहे. शिवाय जुना जलाशय पक्ष्यांचा आणि वन्यजीवांचा आधार झालेला असतो. त्याचाही हिशेब आधी मांडावा लागेल. म्हणून सुरुवात लहानांपासून व्हावी: गाळाने भरलेले, फळ्या नसलेले, पाणी न साठवणारे बंधारे शोधावेत, मच्छीमार आणि ग्रामसभांशी बोलून त्यांतले निरुपयोगी काढावेत. मोठ्या धरणांच्या बाबतीत वीज आणि पाण्याच्या दरातून दरवर्षी थोडी रक्कम निवृत्ती निधीत जमा करावी. धरणाचा लाभ ज्या पिढीने घेतला, तिनेच त्याच्या अखेरीचा खर्च उचलावा, हा साधा न्याय आहे. तो निधी नसेल, तर थकलेली भिंत आणि तिचे बिल दोन्ही आपल्या नातवंडांच्या माथी येतील.