रांजणात वाकून बघणारी पिढी

यंदाच्या २० ऑगस्टला, जागतिक डास दिनाला, आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या मुलांनी सुरेख पोस्टरं केली. डेंगी-चिकुनगुन्या पसरवणाऱ्या एडिस डासाच्या पायांवरचे पांढरे पट्टेसुद्धा अचूक. त्यांच्याच वसतिगृहात कूलरच्या टाकीत अळ्या वळवळत होत्या. ते फार जिव्हारी लागलं.

डॉ. रोनाल्ड रॉसनं १८९७ साली याच दिवशी डासात हिवतापाचा जंतू शोधला तो सिकंदराबादेत. नांदेड-लातूरही तेव्हा निजामाच्याच मुलखात. १९५८ची निर्मूलन मोहीम, १९७६चा उलटलेला हिवताप, हे सगळं पुस्तकात आहे. मला आठवतं ते २००६ ते २०१६ हे दशक.

२००६च्या चिकुनगुन्यानं मराठवाड्यात घरंच्या घरं अंथरुणाला खिळली. कापूस वेचणाऱ्या बायांची मूठ मिटेना. तेव्हा आम्ही मुलांना दारोदार नेलं. रांजणावर बॅटरी धरायची आणि जरा थांबायचं, कारण धक्का लागला की अळ्या तळाला जातात. हौद नुसता उपसून भागत नाही. एडिसची अंडी भिंतीला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी तगतात, म्हणून काथ्यानं घासायचा. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून सुकवायचा ‘कोरडा दिवस’. ज्यांनी हातानं घासलं, त्यांना हे पाठ करावं लागलं नाही.

एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तिथं ‘पिंप रिकामं करा’ कुठल्या तोंडानं सांगणार? मुलं सांगू लागली, ‘मावशी, पिंपाला जुनं लुगडं घट्ट बांधा.’ तिकडे नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे घेऊन सांडपाणी जिरवलं आणि डास हटवले. हत्तीरोगाच्या या जिल्ह्यात ही लहान गोष्ट नव्हती.

पुढे घरभेटी आटल्या. ‘अभ्यासाचा वेळ जातो’ म्हणून त्या बंद करणाऱ्यांवर माझा राग आजही आहे. आता धूरफवारणीसोबत फोटो निघतो आणि पाहणीचे तक्ते खोलीत बसून भरले जातात. एडिस दिवसा चावतो हे लिहून गुण मिळवणारा मुलगा डासांचं मशीन फक्त रात्री लावतो.

माझी मागणी साधी आहे. आपल्या वसतिगृहाच्या टाक्या, कूलर, गच्ची दर आठवड्याला मुलांनीच तपासावी आणि त्याला इंटर्नशिपमध्ये गुण असावेत. हाच मुलगा उद्या किनवटकडच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून बसणार आहे. स्वतःचा कूलर कधी न घासलेल्या डॉक्टरचं आशाताईनं काय म्हणून ऐकावं?