वळवाचा फोटो काढू या!

मे महिन्यातली दुपार. अंगाची काहिली होतेय, झाडाचं पान हलत नाहीये. आणि बघता बघता आभाळात एक ढग भराभर वाढू लागतो. वळीव येणार! तापलेल्या जमिनीवरची गरम, दमट हवा वर उसळते, गार होते, तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि ढग १२-१५ किलोमीटर उंच जातो. एव्हरेस्ट तर ९ किलोमीटरसुद्धा नाही, बरं का!

या ढगात बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आदळतात, विद्युतभार साठतो आणि लखकन वीज चमकते. तिच्या वाटेतली हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सिअस तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट! ही हवा एकदम फुगते, तोच गडगडाट.

पूर्वीचे चित्रकार वीज काढायचे ती ठळक कोनांची, वेडीवाकडी रेघ. १८८२ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्यम जेनिंग्ज यांनी विजेचा फोटो टिपला. त्यात काय दिसलं? झाडाच्या मुळांसारखे फुटलेले फाटे! डोळ्यांना न गवसलेलं कॅमेऱ्यानं पकडलं.

तुम्हालाही जमेल. बंद खिडकीच्या आतून मोबाइलवर व्हिडिओ घ्या, मग थांबवत थांबवत बघा. वीज आणि गडगडाट यांत किती सेकंद गेले, तेही मोजा. दर तीन सेकंदांना वीज एक किलोमीटर लांब! पण गच्चीवर, मैदानात किंवा झाडाखाली मुळीच जायचं नाही. वीज कुठे पडतेय ते पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या ‘दामिनी’ ॲपवर कळतं.

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा, मगच बाहेर पडा. सावलीच्या कोपऱ्यात साचलेल्या गारा अजून असतील. एक गार रुपयाच्या नाण्याशेजारी ठेवून फोटो काढा, म्हणजे तिचा आकार कळेल. मोठी गार मिळाली तर आईबाबांकडून मधोमध कापून घ्या. आत पांढरे आणि काचेसारखे स्वच्छ थर दिसतील. पाणी झटकन गोठलं तिथे हवेचे बुडबुडे अडकले, म्हणून पांढरा थर. सावकाश गोठलं तिथे हवा निसटली, म्हणून स्वच्छ थर.

आणि मोडलेल्या फांद्या, पडलेल्या कैऱ्या? त्यांचेही फोटो घ्या. फांद्या कुठल्या बाजूला पडल्यात, त्यावरून वारा कुठून आला याचा अंदाज बांधता येतो. प्रत्येक फोटोखाली तारीख, वेळ आणि दिशा लिहा. पुढचा वळीव आला की दोन्ही नोंदी शेजारी ठेवा आणि काय वेगळं घडलं ते शोधा!