कापरेकर मास्तर आणि कम्प्युटरचा वर्ग

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कम्प्युटर इंजिनिअरिंगला दुसऱ्या वर्षी डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स असतं. पंचवटीत अमृतधामजवळच्या के. के. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुलंही ते शिकतात. संच, आलेख, सिद्धता हे सगळं समोर आलं, की कुठल्याही कॉलेजातली मुलं हमखास विचारतात, ‘आम्हाला कोडिंग करायचंय, मग हे कशाला?’

याचं उत्तर गोदावरीच्या काठापासून फार लांब नाही. द. रा. कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. त्यांचा शोध असा : कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची मांडणी वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतंच.

याचा प्रोग्राम दहा-बारा ओळींचा. त्याला २१११ देऊन बघा. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. घाईत लिहिलेल्या प्रोग्रामला इथे तीनच अंक दिसतात, तो ९९९ मधून ९९९ वजा करतो आणि शून्यावर थांबतो. कोड व्याकरणाने शुद्ध असतो, विचार कच्चा राहिलेला असतो. कापरेकरांच्या रीतीत ही चार घरांची मांडणी आहे आणि पहिल्या घरात शून्य बसलंय. ०९९९ धरलं, की पुढे ८९९१, ८०८२, ८५३२ आणि ६१७४.

दुरुस्त प्रोग्राम सगळ्या संख्या क्षणात तपासून देतो. पण असं का होतं, ते त्यातून कळत नाही. त्यासाठी अंकांच्या जागी अक्षरं घ्यावी लागतात. उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड धरले तर वजाबाकी येते ९९९(अ−ड) + ९०(ब−क). म्हणजे प्रत्यक्ष अंक कोणते याला महत्त्वच उरत नाही, दोन फरक पुरतात. पहिला १ ते ९, दुसरा पहिल्याहून मोठा होऊच शकत नाही. हजारो संख्यांच्या उरल्या ५४ जोड्या! त्या वहीच्या पानावर हाताने तपासता येतात. काय सोडून द्यायचं हे ओळखणं, यालाच मी अमूर्त विचार म्हणतो. आपण मात्र मुलांना आधी व्याख्या पाठ करायला लावतो.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. या विषयाच्या पहिल्या तासाला फळ्यावर २१११ लिहा. मुलांचा प्रोग्राम शून्यावर अडू द्या, आणि मगच अ, ब, क, ड कडे वळा.