शिवी जेव्हा शीर्षक होते

ग्रंथालयाच्या खिडकीशी उभे राहून ‘अक्करमाशी आहे का?’ असे विचारण्यात कोणालाही वावगे वाटत नाही. ‘उचल्या’, ‘कोल्हाट्याचं पोर’ ही नावेही आपण सहज उच्चारतो. मराठीतील ही गाजलेली आत्मकथने आहेत. ती महाविद्यालयांत अभ्यासली जातात, अन्य भाषांत अनुवादित झाली आहेत. मात्र यांपैकी कोणताही शब्द गावातील एखाद्या मुलाला उद्देशून उच्चारला, तर त्या मुलाची मान खाली जाते, त्याची आई घरात तोंड लपवते. शब्द तोच, अक्षरे तीच. मग फरक कोठे पडला?

या विषयावर बोलताना एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘ते स्वतःला तसे म्हणवून घेतात, मग आम्ही म्हटले तर बिघडले कोठे?’ प्रश्न वरकरणी सरळ आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम या पुस्तकांच्या नावांकडेच वळू या.

सोनाराच्या जुन्या मापात बारा मासे म्हणजे एक तोळा. अकरा माशांचे वजन म्हणजे अपुरा तोळा, उणे सोने. विवाहबंधनाबाहेर जन्मलेल्या मुलाला समाजाने याच मापाने तोलले आणि त्याला ‘अक्करमाशी’ म्हटले. शरणकुमार लिंबाळे यांचे याच नावाचे आत्मकथन 1984 साली प्रसिद्ध झाले. त्यांची आई अस्पृश्य मानलेल्या समाजातील, तर जन्मदाता पाटील घराण्यातील. ज्याने मुलाला नाव दिले नाही, त्याची प्रतिष्ठा गावात अबाधित राहिली. कलंक मात्र ज्याला आपला जन्म निवडता आला नाही त्या बालकाच्या कपाळी बसला. लेखकाने तोच शब्द पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापला आणि वाचकाला जणू विचारले की हा तराजू कोणाचा आणि तो धरणारा हात कोणाचा?

लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ची कथा अशीच आहे. दुसऱ्याची वस्तू उचलणारा तो उचल्या. हा आरोप एका व्यक्तीवर नव्हे, तर संपूर्ण जमातीवर होता आणि त्याला कायद्याचे पाठबळ होते. ब्रिटिश सरकारने 1871 साली केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यामुळे कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. नावनोंदणी, पोलिसांपुढे हजेरी आणि हिंडण्याफिरण्यावर निर्बंध हे त्यांच्या वाट्याला आले. स्वातंत्र्यानंतर, 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. कागदावरील शिक्का पुसला गेला, लोकांच्या मनावरील पुसला गेला नाही. 1987 साली आलेल्या ‘उचल्या’मध्ये चोरी लपवलेली नाही. जमीन नाही, शाळा नाही, कोणी कामावर ठेवत नाही, अशा घरात चूल कशी पेटत होती ते लेखकाने सांगितले आहे. या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

‘कोल्हाट्याचं पोर’ हे 1994 साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन तमाशात नाचणाऱ्या स्त्रीच्या मुलाचे आहे. त्याचे लेखक डॉ. किशोर शांताबाई काळे. ज्या रकान्यात समाज पित्याचे नाव मागतो, तेथे त्यांनी आईचे नाव लिहिले. वैद्यकीय शिक्षण घेऊन ते डॉक्टर झाले. 2007 साली त्यांचे अकाली निधन झाले. ज्या हिणकस शब्दांनी त्यांचे बालपण पोळले, तेच शब्द त्यांनी पुस्तकाला दिले.

या तिन्ही लेखकांनी शब्दाचा अर्थ सौम्य केला नाही, की तो शब्द गोड आहे असे भासवले नाही. त्यांनी केवळ वक्ता बदलला. पूर्वी कोणीतरी बोट रोखून ‘तू अमुक’ म्हणत होते. आता तो माणूस स्वतः उभा राहून ‘होय, तुम्ही मला हेच म्हणालात, आता माझी कहाणी ऐका’ असे सांगतो. ज्याने घाव सोसला, तोच व्रण दाखवू शकतो. ‘ते म्हणतात, मग आम्ही का नको?’ या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. आपण तो शब्द त्यांना उद्देशून वापरतो, तेव्हा तो व्रण राहत नाही. घाव पुन्हा नव्याने होतो.

येथे कोणी म्हणेल की आमच्या मनात वाईट हेतू नसेल तर? हेतू चांगला असला तरी तेवढ्याने भागत नाही, हे ‘हरिजन’ या शब्दाच्या इतिहासावरून दिसते. गांधीजींनी अस्पृश्यांसाठी हा शब्द आपुलकीने स्वीकारला आणि 1933 साली पुण्यातून त्याच नावाचे साप्ताहिक सुरू केले. ही शिवी नव्हती, सन्मान देण्याचा प्रयत्न होता. तथापि ज्यांना हे नाव दिले, त्यांना ते विचारून दिले नव्हते. 1938 साली मुंबई विधानसभेत हा शब्द कायद्यात घालण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विरोध केला व सभात्याग केला. पुढे हा शब्द कुत्सितपणेही वापरला जाऊ लागला. 2017 साली सर्वोच्च न्यायालयानेही तो आज अपमानासाठी वापरला जातो, असे मत नोंदवले. याउलट ‘दलित’ या शब्दाचा अर्थ चिरडलेला, भरडलेला असा. त्यात गोडवा काहीच नाही. तरीही 1972 साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरच्या तरुणांनी तो अभिमानाने मिरवला, कारण तो त्यांनी स्वतः निवडला होता. दिलेले गोड नाव टाकले गेले, निवडलेले कटू नाव टिकले.

आपल्या कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 सालचा आहे. जातीच्या नावाने चारचौघांत केलेली शिवीगाळ हा आज त्याखाली गुन्हा आहे. मात्र या कलमाची सुरुवात शब्दांच्या यादीने होत नाही. ती बोलणाऱ्यापासून होते. जो स्वतः अनुसूचित जातीचा वा जमातीचा नाही, त्याने असे कृत्य केले तर तो या कलमाखाली गुन्हेगार ठरतो. कोण बोलतो, कोणाला बोलतो आणि कोठे बोलतो हे कायदा पाहतो. ‘चमार’ हे एका जातीचे नाव असले तरी अपमानाच्या हेतूने तसे संबोधणे या कायद्याखाली येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली स्पष्ट केले. आणि 2016 साली उत्तर प्रदेशात सहारनपूरजवळील घडकौली गावात त्याच समाजाच्या तरुणांनी ‘द ग्रेट चमार’ असा फलक गावाच्या वेशीवर लावला. न्यायालयाचे मत आणि तो फलक यांत विसंगती नाही. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट सांगितली आहे : या नावाने आम्हाला खाली पाहायला लावण्याचा अधिकार इतर कोणालाही नाही.

हे सर्व खरे असले, तरी एका समाजातील सर्वांचे मत एकच असते असे समजू नये. दया पवार यांचे ‘बलुतं’ 1978 साली आले, तेव्हा ‘आपल्या घरची लक्तरे वेशीवर का टांगता?’ असे त्यांना स्वकीयांनीही विचारले होते. शिकून शहरात आलेल्या, नव्या नावाने नवे आयुष्य उभारू पाहणाऱ्या माणसाला जुना शब्द पुन्हा ऐकण्याची इच्छा नसते, आणि त्याची ती अनिच्छाही तितकीच न्याय्य आहे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा यांसारख्या नावांच्या जागी समतानगर, भीमनगर अशी नावे यावीत हा त्याचा हेतू. दुसरीकडे 1941 साली उभारलेली महार रेजिमेंट आजही त्याच नावाने ओळखली जाते आणि ते नाव शौर्याचे प्रतीक मानले जाते. वस्ती गावाने वेगळी काढली होती. रेजिमेंटचे नाव सैनिकांनी पराक्रमाने मिळवले. म्हणून एक नाव पुसणे योग्य आणि तेच नाव दुसरीकडे जपणेही योग्य. यातून आणखी एक गोष्ट ध्यानी येते. एखाद्या मित्राने आपल्याला थट्टेने तसा शब्द वापरू दिला, तर ती केवळ त्या मित्राची परवानगी असते. त्याच्या भावाची, आईची वा समाजाची नव्हे.

मग इतरांनी हे शब्द कधीच उच्चारू नयेत काय? तसेही नाही. शब्दाचा उल्लेख करणे निराळे आणि त्या शब्दाने माणसाला संबोधणे निराळे. शिक्षक वर्गात ‘अक्करमाशी’ शिकवतात, अनुवादक त्या शब्दाला दुसऱ्या भाषेत पर्याय शोधतात, न्यायाधीश निकालपत्रात शिवी जशीच्या तशी नोंदवतात. हा लेख लिहिताना आम्हालाही ते शब्द लिहावे लागले. परंतु शिक्षकांच्या समोर बसलेल्या वर्गात एखादा विद्यार्थी असा असू शकतो की ज्याने तो शब्द घराबाहेर ऐकलेला आहे. पुस्तकाचे नाव घेताना त्या मुलाकडे वर्गाच्या नजरा वळू न देणे, हेही अध्यापनच होय.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. ‘ख्रिस्ती’ हे आपले नावसुद्धा आपण स्वतः ठेवलेले नाही. शिष्यांना ते प्रथम अंत्युखियात मिळाले, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते. ते बाहेरच्यांनी, कदाचित हिणवण्यासाठी ठेवले असावे, असे अनेक अभ्यासकांना वाटते. या नावासाठी दुःख सोसावे लागले तर लाज वाटू देऊ नका, असे पेत्राच्या पहिल्या पत्रात सांगावे लागले, यातच सर्व आले. श्रद्धावंतांनी ते नाव उचलले आणि आज आपण ते अभिमानाने लावतो. त्याच वेळी ‘बाटगा’ हा शब्द महाराष्ट्रातील ख्रिस्ती माणसाने ऐकलेला आहे. तो आपण उचलला नाही, कोणा पुस्तकाला दिला नाही; तो आजही टोचतो. प्रत्येक घाव दागिना होत नाही आणि तो तसा व्हावा असा आग्रह दुसऱ्याने धरू नये.

‘बाटगा’ म्हटल्यावर आपल्याला जे वाटते, ते आठवून आपण स्वतःच्या बोलण्याकडेही पाहावयास हवे. लग्नाच्या बोलणीत, शेताच्या बांधावरील भांडणात, घरातील थट्टेत आपल्याही जिभेवर दुसऱ्याच्या जातीचे, कामाचे वा जन्माचे नाव शिवी होऊन येत नाही ना? ‘ते स्वतःला म्हणतात’ ही सबब तेथे उपयोगी पडणार नाही. समोरच्या माणसाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, हे त्यालाच विचारावे आणि त्याच नावाने त्याला हाक मारावी. एवढे आपणा प्रत्येकाला करता येण्याजोगे आहे.