टेप कुठली आणि कुठे लावायची

सकाळी ८:३०
टेबल पुसून पांढरा कागद अंथरतो. आज एकच काम: एन स्केलच्या एका अमेरिकी डिझेल इंजिनात डीसीसी डिकोडर बसवायचा. एन म्हणजे मूळ गाडीच्या १/१६० आकार, रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर. डीसीसीमध्ये रुळांवर वीज कायम असते आणि हुकूमही तिच्यातूनच येतो. डिकोडर तो वाचतो आणि मोटरला, दिव्यांना लागेल तेवढी वीज देतो.

९:१५
वरची प्लॅस्टिकची बॉडी काढली. आत धातूची चासी, उभी दोन भागांत. डावा भाग डाव्या रुळाशी जोडलेला, उजवा उजव्याशी. मोटरच्या तांब्याच्या पट्ट्या या भागांना अगदी खेटून जातात. डिकोडर बसवल्यावर त्यातली एखादी पट्टी चासीला टेकली, तर रुळावरची वीज थेट डिकोडरच्या मोटरकडच्या टोकात शिरते आणि तो जळतो. मधली फट अर्धा मिलिमीटरही नाही. तिथे टेप हवीच.

१०:००
टेप निवडताना बरेच जण आधी व्होल्टेज विचारतात. एन स्केलच्या रुळांवर साधारण १२ व्होल्ट असतात. तेवढे कुठलीही चांगली टेप अडवते. खरे प्रश्न तीन: जाडी, उष्णता आणि गोंद.

घरातली काळी पीव्हीसी टेप ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर जाडीची. दोन पदर झाले की फट भरते, चासीचे भाग नीट मिटत नाहीत आणि मोटरवर दाब येतो. तिची साधारण मर्यादा ८० अंश सेल्सिअस. गरम झाली की गोंद पाझरतो, धूळ धरतो आणि गिअरपर्यंत पोचतो. ताणून लावलेली असेल तर ती मागे आकसते आणि टोक सुटतं. घराच्या वायरिंगमध्ये ती उत्तम आहे, या फटीत नाही.

ट्रान्सफॉर्मरवर गुंडाळतात ती पॉलिएस्टर टेप पातळ असते, १३० अंशांपर्यंत टिकते. पण जवळच सोल्डरिंग करायचं आहे, आणि गरम बिट लागली तर ती वितळेल.

म्हणून कॅप्टॉन टेप. मोबाइल दुरुस्त करणारे वापरतात ती सोनेरी-पिवळी. ड्यूपाँटने १९६० च्या दशकात आणलेल्या पॉलिइमाइड फिल्मची. नेहमीच्या टेपमध्ये फिल्म ०.०२५ मिलिमीटर, सिलिकॉनच्या गोंदासकट सगळी मिळून साधारण ०.०६. २६० अंशांपर्यंत ती तग धरते. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळते.

११:००
कॅप्टॉनचाही एक दोष आहे. सहजासहजी फाटत नाही, पण कडेला बारीक चीर पडली की तिथून सरळ उसवत जाते. म्हणून आधी चासीच्या धारदार कडा बारीक कानशीने घासतो, धातूचा कीस ब्रशने झाडतो, तेल स्पिरिटने पुसतो. टेप नव्या ब्लेडने कापायची, कोपरे गोल करायचे. ती ताणली जात नाही, त्यामुळे वळणावर एकच मोठा तुकडा सुरकुततो. दोन लहान तुकडे एकमेकांवर चढवून लावतो आणि बांबूच्या काडीने दाबतो.

टेप चासीला लावायची, डिकोडरभोवती गुंडाळायची नाही. डिकोडर चालताना तापतो. त्याला हवा लागते.

दुपारी २:००
जोडणी. लाल आणि काळी वायर रुळांकडे, नारिंगी आणि करडी मोटरकडे, पांढरी आणि पिवळी दिव्यांकडे, निळी दिव्यांची सामाईक. जोडांवर टेप नाही, बारीक हीट-श्रिंक नळी. ती सुटत नाही. सोल्डरचं टोक वर आलं असेल तर घासून सपाट करतो, नाहीतर तेच टेपला भोक पाडतं.

३:३०
डिकोडरची जोडणी सोडवून मल्टिमीटर लावतो. मोटरच्या प्रत्येक पट्टीपासून चासीच्या दोन्ही भागांपर्यंत तपासायचं. बीप वाजता कामा नये. मग चासीचे स्क्रू आवळून तीच तपासणी पुन्हा, कारण आवळल्यावर भाग जवळ येतात आणि दबलेली टेप तेव्हाच दगा देते.

४:३०
डिकोडर पुन्हा जोडून इंजिन आधी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर. तिथे करंट मर्यादित असतो, त्यामुळे काही चुकलं असेल तर डिकोडर वाचण्याची संधी मिळते. नवा डिकोडर ३ या पत्त्याला उत्तर देतो. दिलं. मग मुख्य रुळावर, पुढे-मागे, हळू-जोरात. थांबवून पुन्हा उघडलं: टेपची सगळी टोकं जागेवर.

संध्याकाळी ६:००
इंजिनाची मालकीण आली, अकरावीतली मुलगी.
“काका, पुढचं इंजिन मी करू?”
“कर ना. आधी फट मोज, टेप नंतर घे. आणि मीटर लावल्याशिवाय रुळावर ठेवू नकोस.”
इंजिनाच्या डबीच्या झाकणात एक चिठ्ठी चिकटवली आहे: टेप कोणती, कुठे लावली, डिकोडरचा पत्ता काय. काही वर्षांनी हे इंजिन कुणीही उघडलं, तरी त्याला अंदाजाने काम करावं लागू नये. बारीक कामात एवढी माहिती मागे ठेवणं हा कामाचाच भाग आहे.