रस्त्याचे दोन धर्म

व्यापाऱ्याने खातेवहीबाहेर लेखणी चालवू नये, असे आमचे वडील म्हणत असत. तथापि स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा आग्रह मोडवेना, म्हणून ज्या विषयाशी आपणा सर्वांचा रोजचा संबंध येतो, त्या रस्त्यावरील रहदारीसंबंधी चार शब्द लिहीत आहे. मी जेमतेम मॅट्रिक झालेला धान्याचा घाऊक व्यापारी. वाचकांनी हे विवेचन पंडिताचे न समजता शेजाऱ्याचे समजावे.

आपले कडोदरा सुरतेपासून सुमारे 15 किलोमीटरवर, दोन राजमार्गांच्या छेदावर वसले आहे. एक मुंबईहून दिल्लीकडे जाणारा, पूर्वीचा क्रमांक 8 व 2010 च्या फेरक्रमांकानंतरचा 48. दुसरा सुरतेहून बारडोली, व्यारा, नवापूर या वाटेने धुळ्याकडे जाणारा, पूर्वीचा 6 व आताचा 53. खानदेशातील ज्वारी, तूर, उडीद याच दुसऱ्या वाटेने आपल्या गोदामांत येतात. एके काळी मालमोटारी जकात नाक्यावर तासन्‌तास अडत. 2007 साली गुजरातेतील महानगरपालिकांची जकात उठली, 2017 साली वस्तू व सेवा कर आला आणि नाक्यांचा जाच संपला. परंतु नाक्यावर वाचलेला वेळ आज शहराच्या तोंडाशी, चौरस्त्यावर खर्ची पडतो. हे का घडते?

माझ्या अल्प समजुतीप्रमाणे रस्त्याला दोन धर्म आहेत. दूरच्या वाहनास अडथळ्यावाचून पुढे जाऊ देणे हा पहिला. आणि दोन्ही बाजूंच्या घरांस, दुकानांस, शाळांस माणूस व माल पोहोचविणे हा दुसरा. पहिल्या धर्माला वेग हवा, दुसऱ्याला विसावा हवा. एकाच रस्त्याकडून दोन्ही धर्म एकाच वेळी पाळून घेऊ गेल्यास दोन्ही बिघडतात. कडोदऱ्याचे दुखणे नेमके हेच आहे. दिल्लीकडे निघालेली मालमोटार, कारखान्यात पाळीवर निघालेला कामगार, रिक्षाची वाट पाहणारी माता आणि भाजीची हातगाडी हे सर्व एकाच पट्ट्यावर एकत्र येतात.

चौरस्ता हा अशा गोंधळाचा कळस होय. दोन दुतर्फा रस्ते एकमेकांस छेदतात, तेव्हा वाहनांच्या मार्गांत 32 संघर्षबिंदू उत्पन्न होतात: 16 ठिकाणी मार्ग एकमेकांस कापतात, 8 ठिकाणी मिळतात व 8 ठिकाणी फुटतात. सिग्नल हे बिंदू नाहीसे करीत नाही. तो फक्त त्यांच्या पाळ्या लावतो. म्हणून लाल दिवा मोडणारा मनुष्य स्वतःचे दोन क्षण वाचवीत नसून दुसऱ्याची पाळी हिरावून घेत असतो. उड्डाणपूल दूरच्या प्रवाहाला वरून नेतो, त्यामुळे काही बिंदू खरोखर कमी होतात. पण पुलाखाली रिक्षा, गाड्या व हातगाड्या वाटेल तशा उभ्या राहिल्या तर खालचा गुंता तसाच राहतो.

आता आपला हिशेब पाहू. रहदारीच्या एका पट्ट्याची प्रमाण रुंदी साडेतीन मीटर, म्हणजे दोन पट्ट्यांचा रस्ता सात मीटरचा. मालमोटारीची रुंदी सुमारे अडीच मीटर. दुकानासमोर एका बाजूस एक व दुसऱ्या बाजूस एक मोटार उभी राहिली की मध्ये दोन मीटर उरतात. सात मीटरचा रस्ता सरकारने बांधला, त्यातील पाच मीटर आपण गिळले, आणि तक्रार मात्र रस्ता अरुंद असल्याची करतो!

रस्ता रुंद केला म्हणजे सर्व भागेल, हाही भ्रमच. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी 1962 सालीच दाखवून दिले की, मोठ्या शहरात नवा रुंद मार्ग मोकळा दिसताच दुसऱ्या वाटेची व दुसऱ्या वेळेची वाहने तिकडे वळतात आणि गर्दीच्या वेळी तो पुन्हा भरतो. कोठार मोठे केले की माल वाढतोच, हा तर आपला रोजचाच अनुभव! म्हणून वाहनांऐवजी माणसे मोजावीत. सुरतेत 2014 पासून बससाठी राखीव मार्गिका सुरू झाल्या, त्यामागील विचार हाच. पन्नास माणसे एका बसमध्ये मावतात. तीच माणसे मोटारसायकलींवर निघाली तर रस्ता व्यापून टाकतात.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याच गोदामासमोर भर रस्त्यात मोटार उभी करून पोती उतरविणे चालले होते. मोटारीच्या आडून एक हमाल पुढे आला आणि भरधाव मोटारसायकलची धडक त्याला बसली. त्याचा पाय कायमचा अधू झाला. सर्वांनी मोटारसायकलवाल्यास दोष दिला, मीही दिला. रात्री विचार करता ध्यानात आले की, त्या दोघांस एकमेकांचे दर्शन होऊ न देणारी भिंत माझ्या मोटारीची होती. तो हमाल आता माझ्याकडे काट्यावर बसतो. त्याची वाट सोडून मला रोज गादीवर जाता येत नाही.

न दिलेली वस्तू घेणे यास आपण अदत्तादान म्हणतो. सार्वजनिक रस्त्याचे पाच मीटर आपणास कोणी दिले होते?

म्हणून सभासद बंधूंस माझी नम्र सूचना आहे. मालाची चढउतार पहाटे किंवा रात्री गर्दी ओसरल्यावर, शक्य तेथे गोदामाच्या आवारातच करावी. मोटारींसाठी चौरस्त्यापासून दूर सामाईक तळ मिळावा, यासाठी संघाने एकमुखाने अर्ज करावा. पायवाट पायी चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी. ताशी 60 किलोमीटर वेगाच्या वाहनास थांबण्यास सुमारे 80 मीटर लागतात, हे ध्यानात ठेवून आपल्या चालकांस गावाजवळ वेग आवरण्याची ताकीद द्यावी. आपले साधू-साध्वी याच राजमार्गांच्या कडेने विहार करतात. त्यांच्यासाठी मोकळी सोडलेली कड शाळेतील मुलांस व कारखान्यातील कामगारांसही उपयोगी पडेल.

पूल व रुंद रस्ते सरकार बांधील तेव्हा बांधील. दुकानासमोरचे पाच मीटर मात्र उद्या सकाळीच परत करता येतील. मी माझे परत केले आहेत.