हॉस्पिस : शिफारस आणि शब्द

ज्याचा रोग बरा होण्याची शक्यता उरलेली नाही अशा रुग्णाच्या वेदनांचे शमन व अखेरच्या दिवसांतील शुश्रूषा हे हॉस्पिसचे कार्य होय. मूळ लॅटिन ‘हॉस्पेस’ या शब्दाचे यजमान व पाहुणा असे दोन्ही अर्थ होतात. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले, तेव्हापासून त्यास आजचा वैद्यकीय अर्थ प्राप्त झाला.

ही सेवा उपलब्ध असूनही रुग्ण तेथे फार उशिरा पोहोचतो. याचे कारण बव्हंशी वैद्याच्या अनुमानात सापडते. अमेरिकेत मेडिकेअर योजनेखाली ही सेवा मिळण्यासाठी, रोग स्वाभाविक गतीने वाढल्यास रुग्णाचे आयुष्य सहा महिने वा त्याहून कमी आहे, असे प्रथम दोन डॉक्टरांनी प्रमाणित करावे लागते. ख्रिस्ताकिस व लॅमाँट यांनी शिकागो येथील ३४३ डॉक्टरांची ४६८ रुग्णांविषयीची अनुमाने तपासून २००० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी केवळ २० टक्के अनुमाने वास्तवाच्या जवळपास होती. ६३ टक्के अतिआशावादी ठरली. रुग्ण प्रत्यक्षात जगले ते मध्यमानाने २४ दिवस. विशेष हे की, डॉक्टर व रुग्ण यांचा परिचय जितका जुना, तितके अनुमान अधिक चुकले. अर्थात ही उणीव निव्वळ ज्ञानाची नव्हे. स्नेहाचाही तीत वाटा असावा.

दुसरी अडचण शब्दाची आहे. ‘आता करण्यासारखे काही उरले नाही’ या वाक्यात ‘करणे’ म्हणजे ‘बरे करणे’ एवढाच अर्थ गृहीत धरला जातो. मग शिफारस ही पराभवाची कबुली वाटू लागते. वस्तुतः २०१० मध्ये टेमेल व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगात नेहमीच्या उपचारांबरोबर आरंभापासून वेदनाशामक शुश्रूषा मिळालेले रुग्ण मध्यमानाने ११.६ महिने जगले, इतर ८.९ महिने.

नावाचे महत्त्व काहींनी वेळीच ओळखले. फ्रेंचमध्ये ‘हॉस्पिस’ला निराधारांच्या आश्रयगृहाची कळा होती, म्हणून माँट्रियलच्या बाल्फर माउंट यांनी ‘पॅलिएटिव्ह’ हे विशेषण योजिले. मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये उभ्या राहिलेल्या संस्थेचे नाव ‘शांती अवेदना’ असे आहे. त्यात मृत्यूचा उल्लेख नाही, वेदनेच्या अभावाचा आहे. वैद्याच्या शिफारशीत हाच अर्थ उतरेल, तेव्हा रुग्णाच्या वाट्यास अवेदनेचे चोवीसच दिवस येणार नाहीत.